पिवळा त्रिकोण दिसला की फॉरमॅट मारू नका

ओळखीत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की फोन मला येतो. पलीकडचं पहिलं वाक्यही पाठ झालंय: "सगळं करून बघितलं, आता फॉरमॅटच मारू का?" सगळं म्हणजे काय केलं, विचारलं की उत्तर येतं, "दोनदा बंद-चालू केला."

फॉरमॅटची ही घाई मीही केलेली आहे, म्हणून चिडायचा अधिकार मला आहे. आमच्या दाजींचा डेस्कटॉप चालता चालता अडकायचा आणि रीस्टार्ट केला की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोज जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क, सापडत नसल्याचा मेसेज. मी कॅबिनेट घरी आणलं, जोडलं, तर ते सुरळीत चालू! विंडोजच खराब झालंय असं ठरवून फॉरमॅट मारला. आठवड्याने तेच. पुन्हा आणलं, पुन्हा चालू, पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्यांदा मात्र बाजूचा पत्रा काढून बसलो. हार्ड डिस्कच्या लाल साटा केबलला (डिस्क मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला जोडणारी) बोट लागलं आणि मशीन जागच्या जागी अडकलं. केबल ढिली होती. रिक्षातल्या धक्क्यांनी ती दर वेळी थोडी बसायची आणि मला वाटायचं, फॉरमॅटचाच गुण. नवी केबल चहा-वड्याच्या पैशात आली. पहिल्याच फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवरचे भाचीच्या बारशाचे फोटो गेले, ते कुठून आणणार? दाजी दर दिवाळीत विषय काढतात.

तेव्हापासून डिस्कची तक्रार आली की मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतो आणि सीआरसी एररचा, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा बघतो. त्या ओळीचा क्रमांक कुठे १९९ दिसतो, कुठे सी७. आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा तिच्या जोडणीचा. केबल बदलल्यावर तो खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. "अजून एरर दाखवतोय" म्हणून नव्या केबलवरही संशय घेणारे भेटलेत.

दुसरी चूक म्हणजे कोड न वाचणं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी असते; तिथे पिवळा त्रिकोण किंवा खाली जाणारा बाण असलेल्या नावावर डबल क्लिक करा, चौकटीत कोड लिहिलेला असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच (ते डिव्हाइस विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नाही. २२ म्हणजे कुणीतरी डिव्हाइस बंद करून ठेवलंय, एनेबल करा, विषय संपला. १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही. ४३ म्हणजे डिव्हाइसनेच गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. यूएसबीच्या वस्तूला ४३ आला तर मी ड्रायव्हरकडे बघतही नाही. आधी ती पुढच्या पोर्टमधून काढून मागे थेट मदरबोर्डवर लावतो, मग केबल बदलतो, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघतो. तिथेही रडली तर वस्तूच गेली. एका वेळी एकच बदल. तिन्ही एकदम केले तर काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

आता माझा खास राग: एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअर. ती आधी "४७ ड्रायव्हर जुने" म्हणून घाबरवतात, मग पैसे मागतात, आणि जाताना ब्राउझरचं होमपेजही बदलून जातात. चालणारा ड्रायव्हर जुना असला तर असू दे की! अनोळखी डिव्हाइस ओळखायचं तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी. त्यात व्हीईएन (VEN) या अक्षरांनंतर बनवणाऱ्या कंपनीचा कोड असतो: ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. मग लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर आपलं मॉडेल टाकून ड्रायव्हर घ्यायचा. दहा मिनिटं लागतात. वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं, विंडोज १० किंवा ११ वर ते सहसा लगेच चालतं. नव्या ड्रायव्हरने बिघडलं असेल तर जुन्या ड्रायव्हरवर परत नेणारं रोल बॅकचं बटण डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्येच असतं, ते कुणी दाबत नाही.

शटडाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. म्हणून रीस्टार्टच करा.

यूएसबी प्रिंटरसोबतच्या कागदावर "आधी सॉफ्टवेअर, मग केबल" लिहिलं असेल तर तसंच करा.

मोबाइल केबलने जोडला आणि नुसता चार्ज होतोय, तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते.

रॅम खोडरबराने पुसायची तर बटण बंद आणि प्लग बाहेर. सोनेरी पट्टी हलक्या हाताने, भांडी घासल्यासारखी नाही.

आणि घड्याळ रोज मागे जातंय, प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करतेय, म्हणून अँटिव्हायरस विकत घेऊ नका. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल संपलाय, आणि तारीख चुकली की साइट तक्रार करतात. घड्याळाच्या दुकानात मिळतो.