पहिला ऑसिलोस्कोप घेताय? आधी प्रोबची काळी क्लिप समजून घ्या

चवथ जवळ आली की आमच्याकडे फोंड्यात रिपेरिंगची कामं वाढतात, आरतीचा अँप्लिफायर, देखाव्याच्या मोटरचा सप्लाय, लाइटिंगचे कंट्रोलर, आणि दरवर्षी एकदोन पोरं विचारतात की दादा स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) घ्यायचाय, कुठला घेऊ. ते सांगतोच, पण आधी क्लिपचं ऐका.

मल्टिमीटरची काळी वायर सर्किटमध्ये कुठेही लावता येते, म्हणून स्कोपच्या प्रोबची (सर्किटला लावायच्या वायरची) काळी क्लिपही तशीच असेल असं वाटतं. तशी नाही. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपमध्ये ती आतून थेट थ्री-पिन प्लगच्या अर्थला जोडलेली असते. स्कोपचा प्लग सॉकेटमधून काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक क्लिपला, दुसरं प्लगच्या जाड पिनला, बीप वाजेल. हे स्वतः करून बघाच. म्हणजे क्लिप जिथे लावाल तो पॉइंट तुम्ही जमिनीला जोडला.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीत, म्हणजे थेट मेन्सला जोडलेल्या भागात, मोठ्या कॅपॅसिटरच्या मायनसला क्लिप लावली, मायनस म्हणजे ग्राउंडच ना, स्विच टाकला आणि फाडकन आवाज, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) उडाला, क्लिपचं टोक वितळलं, घरभर लाइट गेली. तो मायनस न्यूट्रल नसतो, दर अर्ध्या सायकलला ब्रिजमधल्या एका डायोडमधून तो सरळ फेजला जोडला जातो आणि माझ्या क्लिपने त्याला अर्थचा रस्ता दिला. 230 व्होल्टचा पीक 325 च्या आसपास जातो, तिथे हात असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

म्हणून सुरुवातीला प्रायमरीला हातच लावू नका. पुढे कधी लावायची वेळ आली तर 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वस्तू मेन्सपासून वेगळी करणारा), तोही रिपेरिंगच्या वस्तूला, स्कोपला नाही, किंवा मग डिफरन्शियल प्रोब (क्लिप अर्थला न जोडता दोन पॉइंटमधला फरक मोजणारा). सिरीज बल्ब लावला म्हणजे सेफ असं बरेच जण समजतात, पण सिरीज बल्ब आणि व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) दोन्ही आयसोलेशन देत नाहीत. आणि स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, मग चूक झाली तर स्कोपची अख्खी बॉडी फेजवर येते आणि तुमचा हात नॉबवर असतो.

चिऱ्याच्या जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचा दिसतो पण मागे अर्थची वायरच नसते. मेटलला हात लागून झिणझिण्या आल्या तर काम थांबवा, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

आता कुठला घ्यायचा. ऑडिओ, सप्लाय, आर्डुइनो एवढंच असेल तर दोन चॅनल आणि 50 मेगाहर्ट्झ बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल दाखवता येतो ती मर्यादा) पुरे. फक्त 50 म्हणजे 50 पर्यंत सगळं बरोबर दिसतं असं नाही, तिथे साइन वेव्ह 70 टक्केच उंच दिसते, म्हणून सिग्नलच्या पाचपट बँडविड्थ धरा. सॅम्पल रेटही (सेकंदाला किती वेळा मोजतो तो आकडा) सगळ्या चॅनलमध्ये वाटला जाऊ शकतो, रायगोल डीएस1054झेडमध्ये एका चॅनलला 1 गिगासॅम्पल मिळतात, चारही लावले की 250 मेगा. डीएसओ138 हे छोट्या स्कोपचं किट सोल्डरिंग शिकायला छान आहे, पण 200 किलोहर्ट्झच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा नको. कोणी जुना 20 मेगाहर्ट्झचा सीआरओ (पिक्चर ट्यूबवाला स्कोप) देत असेल तर ऑडिओसाठी खुशाल घ्या, फक्त उघडू नका, आत हजारो व्होल्ट असतात.

घरी आणल्यावर प्रोबचा स्विच 10एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि मेनूतही 10एक्स करा, नाहीतर रीडिंग दहापट चुकेल. मग प्रोब स्कोपच्याच 1 किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्हच्या पिनला लावून प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवा, कोपरे गोल नकोत, टोकदार नकोत, सपाट हवेत.

दोन्ही चॅनलच्या क्लिप आतून एकच असतात हेही लक्षात ठेवा. टीडीए7297 सारख्या ब्रिज आउटपुटच्या (स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल देणाऱ्या) आयसीत स्पीकरचा मायनस ग्राउंड नसतो, एक क्लिप तिथे आणि दुसरी ग्राउंडला लावली की शॉर्ट.

पहिलं काम म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला, हम मारणारा अँप्लिफायर घ्या. क्लिप अँप्लिफायरच्या ग्राउंडला, टोक फिल्टर कॅपॅसिटरच्या प्लसला, कपलिंग एसी (म्हणजे डीसी वगळून फक्त बदलणारा भाग दिसतो), टाइम स्क्रीनवरच्या एका घराला 5 मिलिसेकंद. रिपलचे (डीसीवर उरलेल्या चढ-उताराचे) डोंगर दोन-दोन घरांवर दिसले तर तो 100 हर्ट्झ, म्हणजे ब्रिज ठीक आहे आणि डोंगर फार उंच असतील तर कॅपॅसिटर सुकलाय. चार-चार घरांवर दिसले तर 50 हर्ट्झ, ब्रिजमधला एखादा डायोड ओपन आहे, तो शोधा.