उबुंटू २२.०४ वर गेल्यावर रूटचं लॉगिन अडलं तेव्हा

सर्व्हर उबुंटू लिनक्स २०.०४ वरून २२.०४ वर नेला आणि विंडोजवरच्या पुट्टीतून (एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर शिरायचा प्रोग्रॅम) रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचं, लॉगिन होईना. लॉगिनची की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) तीच, युजर तोच, तरी ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’. पर्मिशन तपासल्या, मान्य कींची यादी असलेली ऑथोराइज्ड कीज फाइल पाहिली. सगळं जागच्या जागी. नशिबाने होस्टिंगच्या पॅनेलमधून कन्सोल (एसएसएचशिवाय सर्व्हरवर शिरायची थेट खिडकी) उघडत होता. ऑथ लॉगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या नोंदींत, चोर सापडला: की टाइप एसएसएच-आरएसए, मान्य अल्गोरिदमच्या यादीत नाही.

एसएसएच लॉगिन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये ८.८ पासून (२०२१) एसएचए-१ ही जुनी हॅश पद्धत वापरून केलेली आरएसए सही (आपल्याकडे की असल्याचा पुरावा) बाय डिफॉल्ट बंद आहे, आणि २२.०४ मध्ये ८.९ येतं. म्हणजे की बाद झालेली नाही. एसएचए-२ या नव्या पद्धतीने सही केली तर तीच चालते. माझ्या जुन्या पुट्टीला ते येतच नव्हतं. नवी टाकली, त्याच कीने आत शिरलो.

सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये जुना अल्गोरिदम परत चालू करा, असं सर्रास सांगतात. चालतं, पण रूटच्या बाबतीत मला ते पटत नाही. बॅकअप घेणारं एक मशीन मात्र तरीही अडलं. त्यावर ओपनएसएसएच ६.६. त्याला एसएचए-२ वाली सही जमत नाही, पण ईडी२५५१९ हा आरएसएहून वेगळा कीचा प्रकार जमतो, म्हणून तिथे तशी वेगळी की बनवली.