मांडी आखडली म्हणून ताणत राहिले, तिथेच फसले

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे 50 गुण कसे वाटले आहेत, ते तुम्हाला पाठ असेलच. मुलींना 800 मीटरचे 20, 100 मीटरचे 15, गोळ्याचे 15. माझे 100 मीटरचे गुण साठाव्या मीटरवर गेले. डाव्या मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारला असं वाटून मी मागे वळूनही पाहिलं.

खरं म्हणजे पाच महिने पाय सांगत होता. सकाळी रेशीमबागच्या मैदानावर पोहोचले की मागची शीर ओढल्यासारखी वाटायची. अभ्यासिकेच्या बाकावर तासभर बसलं की बुडाचं हाड दुखायचं. ग्राउंडवरच्या दादाचं एकच उत्तर, "आखडली आहे, ताण दे." मैत्रीण माझा पाय धरून डोक्याकडे रेटायची. तेवढ्यापुरतं मोकळं वाटे, संध्याकाळी पुन्हा तेच. मग मी आणखी ताणायची.

इथे थांबा आणि नीट वाचा. आखडल्यासारखं वाटणं वेगळं आणि स्नायू खरंच आखूड असणं वेगळं. पाठीवर झोपून, गुडघा न वाकवता पाय वर उचला. नव्वद अंशांच्या आसपास जात असेल तर लांबी पुरेशी आहे. माझा जात होता! मग आखडत काय होतं? जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, स्वतः लांब होत असतानाच, त्याला ब्रेक लावावा लागतो. तेवढं बळ नसलं की स्नायू लवकर दमतो, आणि दमलेला स्नायू कडक वाटतो. त्यात दुखणं बुडाच्या हाडाशी असेल, तर वाकून ताणल्यावर तिथला कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, हाडावर आणखी दाबला जातो. म्हणजे औषध समजून मी रोज दुखणंच वाढवत होते.

हे मला कळलं फिजिओथेरपिस्टकडे. त्यांनी खुर्चीवर टाच ठेवून एका पायाचा ब्रिज करायला लावला, म्हणजे पाठीवर झोपून कंबर वर उचलायची. उजवा 24, डावा 11. पाच महिन्यांत ही साधी मोजणी कुणी केली नव्हती. तुमचे आकडे वहीत न लिहिणाऱ्या दादाच्या मागे लागू नका, तो स्वतः कितीही वेगात पळत असो.

ग्लूटने, म्हणजे बुडाच्या स्नायूने, जोर दिला नाही की मांडी मागे रेटायचा भार हॅमस्ट्रिंगवर येतो. म्हणून आधी दोन्ही पायांचा ब्रिज. मांडीत गोळा येत असेल तर टाचा बुडाजवळ घ्या. कंबर दुखत असेल तर कमी उचला. जमलं की हिप थ्रस्ट, म्हणजे पाठ उंचावर टेकवून तसंच कंबर उचलणं. मी दिवाणाला पाठ टेकून, कमरेवर उशी आणि उशीवर तांदळाचा कट्टा ठेवून करते. जिमची फी नसेल म्हणून अडत नाही. एप्रिल लागला की नागपुरात सकाळी आठनंतर ग्राउंडवर उभं राहवत नाही, तेव्हा हे सगळं कूलरसमोर उरकतं.

आणि नॉर्डिक. गुडघ्याखाली गोधडी, टाचा दिवाणाखाली अडकवायच्या, अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे जायचं, शेवटी हात टेकायचे. डेन्मार्कच्या फुटबॉलपटूंवर 2011 मध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5-5 चे दोन सेट होते. पाचव्या आठवड्यापासून तीन दिवस, 12, 10 आणि 8 चे तीन सेट. पुढे 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नॉर्डिक करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या दिसल्या. मी मात्र रील पाहून पहिल्याच दिवशी 10 चे तीन सेट मारले, आणि चार दिवस जिना धरून उतरले. चाचणी आठवड्यावर असेल तर नॉर्डिक नव्याने सुरू करूच नका.

काळंनिळं झालं असेल, लंगडत असाल, तर हे वाचणं सोडून डॉक्टरकडे जा. स्प्रे मारून पळू नका, बे. नुसतं ओढल्यासारखं वाटत असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेकांचं बळ वाढवून सुटतं.

माझा डावा आता 22 वर आहे, उजवा 26. तेव्हाची आणखी एक चूक होती: 800 च्या नादात मी पूर्ण वेगाने कधी पळतच नव्हते. आता आठवड्यातून एकदा वेग हळूहळू चढवत नेते आणि मग शेवटचे 30 मीटर जीव खाऊन मारते. साठाव्या मीटरला अजून पोटात गोळा येतो.