बोडी या ओसाड पडलेल्या जुन्या खाणगावाला जायचंय? मग एवढं बघून निघा

कॅलिफोर्नियात ३९५ हायवेवर ब्रिजपोर्टच्या थोडं दक्षिणेला २७० नंबरचा फाटा लागतो, तिथून साधारण २१ किमी आत बोडी, त्यातले शेवटचे ५ किमी कच्चा रस्ता, गाडी नुसती खडखडते, हळू घ्या. पेट्रोल, खाणं ब्रिजपोर्टलाच उरका, आत काही मिळत नाही. इथे १८५९ मध्ये सोनं सापडलं, आता सगळं ओसाड, पण खिडकीला नाक लावून बघाच, आत टेबलं-खुर्च्या, भांडी धूळ खात तशीच पडलीयेत. उंची जवळपास २,५५० मीटर, दम लागतो, जाकीट उन्हाळ्यातही ठेवा. आणि गंजका खिळाही उचलू नका हां, नेलेल्या वस्तू लोक शापाच्या भीतीने पोस्टाने परत पाठवतात! हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो.