अनुभवी माणसाच्या रेझ्युमेतील त्याच त्या चुका

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांसाठी माणसे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. नुकत्याच पदविका घेतलेल्या मुलाच्या रेझ्युमेत चुका असल्या तर त्यांचे मला फारसे वाटत नाही, कारण त्याला कोणी शिकवलेलेच नसते. मात्र शॉप फ्लोअरवर बारा-पंधरा वर्षे काढलेला, बंद पडलेली लाइन रात्रीतून चालू करून देणारा माणूस स्वतःची कारकीर्द दोन पानांत धड मांडू शकत नाही आणि त्यापायी त्याच्या हातची नोकरी जाते, तेव्हा खरोखर वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक तारखांची आहे. आपल्याकडे अनेकांची सुरुवात कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर होते आणि दोन-तीन वर्षांनी कंपनी कायम करते. रेझ्युमेत मात्र सगळा काळ मोठ्या कंपनीच्या नावावर लिहिला जातो. पैठण तालुक्यातील एका मेंटेनन्स इंजिनिअरने असेच केले होते. मुलाखत उत्तम झाली, ऑफर लेटर मिळाले, त्याने जुन्या नोकरीचा राजीनामाही दिला आणि त्यानंतर पडताळणीचा अहवाल आला. रेझ्युमेत एका कंपनीत सलग सहा वर्षे लिहिली होती. त्या कंपनीने साडेतीनच वर्षे कळवली, कारण आधीची अडीच वर्षे त्याचा भविष्य निर्वाह निधी कंत्राटदाराच्या खात्यातून भरला जात होता. ऑफर मागे घेतली गेली. तो मला म्हणाला, "सर, त्याच गेटातून आत जायचो, तीच मशीन सांभाळायचो, मग हे खोटं कसं झालं?" त्याचे म्हणणे रास्त होते, परंतु पडताळणी करणाऱ्यासमोर फक्त कागद असतो, आणि कागद जुळला नाही की माणूस लबाड ठरतो.

म्हणून माझ्याकडे कोणी रेझ्युमे घेऊन आला की मी त्याला प्रथम आपल्या बारा अंकी यूएएनने, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कायम क्रमांकाने, ईपीएफओ या निधी संघटनेच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी उघडायला लावतो आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा कोऱ्या कागदावर उतरवून घेतो. रेझ्युमेला त्यानंतरच हात लावायचा. कंत्राटदाराकडील काळ वेगळ्या नोंदीत, कंत्राटदाराचे नाव देऊन आणि कामाचे ठिकाण म्हणून कंपनीचे नाव देऊन लिहावा. त्यात कमीपणा काहीच नाही. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटल्यावर ती कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते. रुजू झाल्याची तारीख चुकली असेल, तर संयुक्त घोषणापत्राद्वारे ती दुरुस्त करावी लागते, काही वेळा त्याला मालकाची मान्यताही लागते आणि वेळ जाऊ शकतो, त्यामुळे हे काम अर्ज करण्यापूर्वीच उरकावे. अप्रेंटिस कायद्याखालील उमेदवारीचा काळ या नोंदीत दिसत नाही. तो प्रमाणपत्राच्या आधारे स्वतंत्र दाखवावा. मध्ये आठ महिने गावी शेती पाहिली असेल किंवा वडिलांचे आजारपण काढले असेल, तर तसेच एका ओळीत लिहावे. तारखा ओढूनताणून तो काळ झाकायचा आणि मग मुलाखतीत घाम पुसत बसायचे, यात काय शहाणपण आहे?

दुसरी चूक म्हणजे केलेल्या कामाऐवजी पदाची कर्तव्ये लिहिणे. "उत्पादन व मनुष्यबळ हाताळणीची जबाबदारी" हे वाक्य मी इतक्या रेझ्युमेंत वाचले आहे की त्यावरून माणूस ओळखता येत नाही. प्रेस शॉपमधील एका सुपरवायझरच्या रेझ्युमेत नेमके हेच होते. त्याला विचारले की तुम्ही रुजू झाल्यावर त्या शॉपमध्ये काय बदलले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दीड तास लागत असे, तो त्याने पंचवीस मिनिटांवर आणला. सगळ्या डायची शट हाइट, म्हणजे बंद अवस्थेतील उंची, सारखी करून घेतली, बोल्टऐवजी झटपट आवळणारे क्लॅम्प बसवले आणि पुढची डाय आधीच ट्रॉलीवर तयार ठेवण्याची शिस्त लावली. हे रेझ्युमेत का नाही, असे विचारल्यावर उत्तर आले, "सगळ्यांनी मिळून केलं सर, मी केलं असं कसं लिहू?" हा संकोच आपल्या मराठवाड्यातील माणसांत मला वारंवार दिसतो आणि त्याचा मला आदरही वाटतो. तरीही सहा जणांच्या गटाने केले आणि त्यात क्लॅम्पची कल्पना माझी होती, असे लिहिण्यात बढाई नसते. आम्ही त्याची ओळ अशी लिहिली: "डाय बदलण्याचा वेळ ९० मिनिटांवरून २५ मिनिटांवर, शट हाइट समान केली, क्लॅम्प बदलले, सहा जणांचा गट." पुढच्या मुलाखतीत त्याला सर्वाधिक प्रश्न याच ओळीवर आले आणि त्याला सगळ्यांची उत्तरे देता आली.

हीच गोष्ट मोबाईलवरून आयता लिहून घेतलेल्या रेझ्युमेत होत नाही. भाषा गुळगुळीत असते, टक्केवाऱ्या भारदस्त असतात आणि "ही वीस टक्के बचत कशी मोजली?" असे विचारले की उमेदवार टेबलाकडे पाहू लागतो. संध्याकाळपर्यंत पन्नास कंपन्यांना पाठवायचा म्हणून सकाळी रेझ्युमे बनवणाऱ्यांची घाई मला मुळीच पटत नाही. मी दोन रविवार मागतो: एक आठवायला, दुसरा लिहायला.

बाकीच्या चुका लवकर सुधारतात. आधार व पॅन क्रमांक रेझ्युमेत लिहू नयेत, त्यांचा गैरवापर होतो. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे प्रतिज्ञापत्र काढून टाकावे. दोन रकान्यांचा रंगीत नमुना टाळावा, कारण भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रकान्यांतील मजकूर एकमेकांत मिसळू शकतो. विद्यापीठाचे नाव पूर्ण लिहावे. "बामू" म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, हे मराठवाड्याबाहेर अनेकांना ठाऊक नसते. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले असले, तरी शोधणारा कोणत्या नावाने शोधेल याचा नेम नाही, म्हणून मी छत्रपती संभाजीनगरसोबत कंसात औरंगाबादही लिहायला सांगतो.

क्वालिटी विभागातील लोकांसाठी एक वेगळी सूचना आहे. टीएस १६९४९ या वाहन उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची जागा ऑक्टोबर २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली आणि जुनी प्रमाणपत्रे सप्टेंबर २०१८ मध्ये बाद झाली. आजही अनुभवी ऑडिटर चालू ज्ञान म्हणून जुनेच नाव लिहितात आणि ऑटो क्षेत्रातील मुलाखतकाराचे मत तिथेच बिघडते.

नोटीस कालावधी तीन महिन्यांचा असताना "तत्काळ रुजू होऊ शकतो" असेही लिहू नये. नियुक्तीपत्र काढून त्यातील मुदत पाहावी, ती जशीच्या तशी लिहावी, आणि नोटिशीचा पगार भरून लवकर सुटका होण्याची सोय असेल तर तेवढी एक ओळ खाली जोडावी.