नवी हार्ड डिस्क बसवताना या चुका टाळा

नवी डिस्क जोडली, पीसी सुरू केला आणि 'धिस पीसी'मध्ये ती दिसली नाही, की बहुतेक जण डिस्कच खराब निघाली असं धरून चालतात आणि दुकानाचा रस्ता धरतात. त्याआधी थोडं थांबा. घोळ बहुतेक वेळा वीजपुरवठा, केबल, पोर्ट किंवा विंडोजमध्ये राहून गेलेली एक पायरी यांपैकी कशाततरी असतो. या लेखासाठी एक नेहमीचं उदाहरण घेऊ: विंडोज एसएसडीवर आहे आणि फोटो-व्हिडिओंसाठी ४ टीबीची ३.५ इंची साटा डिस्क (मदरबोर्डला केबलने जोडायची नेहमीची डिस्क) टाकायची आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

फक्त शटडाउन करून भागत नाही. शटडाउननंतरही एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलं आहे. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, डिस्क नंतर. हाताळताना डिस्क कडांना धरा. खालच्या हिरव्या सर्किट बोर्डला बोटं लावू नका.

स्क्रू आणि बसवणी

कॅबिनेटसोबतच्या पुडीत दोन प्रकारचे स्क्रू मिसळलेले असतात. ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ स्क्रू लागतात, २.५ इंची एसएसडीला बारीक आट्यांचे एम३. पहिले एक-दोन फेरे बोटांनीच फिरवा. तिथेच अडलं तर स्क्रू चुकीचा आहे. स्क्रूड्रायव्हरने जोर केलात तर डिस्कचे आटे जातील.

चारही स्क्रू लावा. डिस्क आडवी बसवा किंवा उभी, दोन्ही चालतं. चालत नाही ते 'सध्या राहू दे' म्हणून कॅबिनेटच्या तळाशी मोकळी ठेवणं. पत्र्याला सर्किट बोर्ड टेकला तर शॉर्ट होतं, आणि चालू डिस्क सरकली-आपटली तर आतली डेटा वाचणारी हेड तबकडीच्या पृष्ठभागावर घासतात. डिस्कच्या वरच्या बाजूला 'हे छिद्र झाकू नका' अशी सूचना असेल, तर तिथे स्टिकर किंवा टेप लावू नका.

केबल: सगळ्यात महागात पडणारी चूक

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल सुट्या होतात, म्हणून घरात पडलेली दुसऱ्या एसएमपीएसची केबल लोक बिनधास्त लावतात. कनेक्टर बसतोही. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट असावेत याचं सर्व कंपन्यांना लागू असं मानक नाही; एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट आले की डिस्क क्षणात जळते, आणि त्याच केबलवर जुनी भरलेली डिस्क असेल तर तीही. अनेक डिस्कमध्ये संरक्षणासाठी असलेला डायोड अशा वेळी शॉर्ट होतो आणि ती डिस्क जोडलेली असेपर्यंत पीसी सुरूच होत नाही. एसएमपीएसच्या बॉक्समधून आलेली केबलच वापरा. हरवली असेल तर नेमक्या मॉडेलसाठीची मागवा.

साटा पॉवरचे कनेक्टर कमी पडले की मोलेक्स-टू-साटा ॲडॉप्टर, म्हणजे जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून साटाला वीज देणारा जोड, घेतला जातो. त्यात ज्याचा कनेक्टर तारांवर एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेला असतो तो टाळा. आतल्या तारा सरकून एकमेकींना लागतात, आणि असे कनेक्टर वितळून जळाल्याचे प्रकार झालेले आहेत. ज्याच्या मागे झाकण असतं आणि प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो घ्या.

साटाचे दोन्ही कनेक्टर इंग्रजी 'एल'च्या आकाराचे असतात, त्यामुळे ते एकाच बाजूने जातात. तिरपा जोर दिला तर डिस्कवरची प्लास्टिकची पट्टी तुटते, आणि हे नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. सरळ आत ढकला. काढताना क्लिप दाबून कनेक्टरला धरा, तार ओढू नका.

डिस्क दिसत नसेल तर या क्रमाने पाहा

आधी स्पर्श: पीसी सुरू झाल्यावर डिस्कच्या कडेला बोट टेकवा. काही सेकंदांत हलकी थरथर जाणवली पाहिजे. काहीच नाही म्हणजे वीज पोहोचत नाही; दुसरा पॉवर कनेक्टर लावून पाहा.

डिस्क सर्व्हरसाठीची असेल किंवा यूएसबी डिस्कचं कवच फोडून काढलेली असेल, तर कारण वेगळं असू शकतं. अशा काही डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. सर्व्हरमध्ये ती दुरून बंद करता यावी म्हणून ही सोय आहे. ज्या एसएमपीएसच्या केबलमध्ये ३.३ व्होल्टची तार असते, तिथे अशी डिस्क हूं की चूं करत नाही. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतात, म्हणून चांगल्या मोलेक्स ॲडॉप्टरवर ती लगेच फिरू लागते.

डिस्क फिरते पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) नाव नाही, तर डेटा केबल आणि पोर्ट बदला. इथे बरेच जण चकतात. अनेक मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आणि एखाद-दोन साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात, एम.२ एसएसडी लावली की ते पोर्ट बंद पडतात. नेमके कोणते, ते मॅन्युअलच्या स्टोरेजच्या पानावर तळटिपेत दिलेलं असतं. शोधाशोध करताना बायोसमधला साटा मोड एएचसीआय (AHCI) वरून रेड (RAID) वर किंवा उलट मात्र बदलू नका. विंडोज सुरू होणं थांबू शकतं.

आणि नव्या डिस्कनंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं तर घाबरू नका. बायोसने बूटच्या क्रमात नव्या डिस्कला पुढे घेतलेलं असतं. पहिल्या जागी विंडोजची एसएसडी, म्हणजे 'विंडोज बूट मॅनेजर', पुन्हा निवडा.

बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये नाही

हा दोष नव्हेच. कोऱ्या डिस्कवर पार्टिशन, म्हणजे आखलेला भाग, नसतं, म्हणून तिला ड्राइव्ह लेटरही नसतं. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा आणि येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'इनिशियलाइज डिस्क' विचारलं की जीपीटी ही पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडलीत तर ४ टीबीच्या डिस्कमधले २०४८ जीबीच वापरता येतात आणि उरलेले साधारण १६७८ जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत अडकून पडतात. पार्टिशन असताना 'कन्व्हर्ट टू जीपीटी' हा पर्याय फिका दिसतो. डेटा दुसरीकडे हलवून सगळी पार्टिशन काढल्यावरच तो चालतो. मग काळ्या पट्टीवर राइट-क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', आणि फॉरमॅटसाठी एनटीएफएस निवडा.

शेवटी ३.६३ टीबीच दिसली तर फसवणूक झालेली नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं.

आता जी चूक परत फिरवता येत नाही ती. त्याच पीसीत जुनी, भरलेली डिस्कही असेल आणि इनिशियलाइज किंवा फॉरमॅटचा प्रश्न तिच्याबद्दल आला, तर 'कॅन्सल' करा. भरलेली डिस्क विंडोजला अचानक कोरी वाटते म्हणजे केबल, पार्टिशन टेबल किंवा खुद्द डिस्क बिघडली आहे, आणि 'ओके' म्हणून ते दुरुस्त होत नाही. 'डिस्क १', 'डिस्क २' या क्रमांकांवर विसंबू नका. पोर्ट बदलला की ते बदलू शकतात. आकार आणि मॉडेल क्रमांक पाहा. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर फॉरमॅट होईपर्यंत जुनीची डेटा केबल काढून ठेवणं उत्तम. पीसी बंद करून, अर्थात.

नव्या डिस्कवर विंडोजच टाकायची असेल तरी हीच काळजी घ्या. इन्स्टॉलर बूटचं छोटं ईएफआय पार्टिशन कधी कधी जुन्या डिस्कवर करतो. पुढे जुनी काढली की नवीवरचं विंडोज सुरू होत नाही.

डेटा टाकण्याआधी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा. 'पॉवर ऑन अवर्स' नव्या डिस्कवर जवळपास शून्य हवेत. हजारांत असतील तर वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली गेली आहे. ०५, सी५ आणि सी६ या खराब किंवा संशयास्पद सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) मोजणाऱ्या ओळींचं मूळ मूल्य ('रॉ व्हॅल्यू') शून्य हवं. सी७ म्हणजे सीआरसी चुका, डेटा केबलवरून जाताना होणाऱ्या: हा आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. केबल बदलल्यावर तो शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेवढं पुरे.

फॉरमॅट करताना 'परफॉर्म अ क्विक फॉरमॅट'ची टिक काढा. पूर्ण फॉरमॅट सगळी डिस्क लिहून तपासतो, आणि ४ टीबीला सात-आठ तास किंवा थोडे जास्तही लागतात. रात्री लावून ठेवा, वीज जाणाऱ्या भागात यूपीएसवर. तो संपल्यावर ०५ आणि सी५ पुन्हा पाहा. आकडे वाढलेले असतील तर डिस्क परत करा, आणि त्यासाठी तोवर बिल, बॉक्स व चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी टाकून देऊ नका.