रोजच्या बायबल वाचनातून देवाचा स्वभाव कसा ओळखावा

रोज बायबल वाचणारे बहुतेक जण सकाळी एकच प्रश्न मनात घेऊन बसतात: आज माझ्यासाठी कोणतं वचन आहे? प्रश्न वाईट नाही. पण तेवढाच विचारला, तर वर्षभर वाचूनही देव कसा आहे हे फारसं उमगत नाही. म्हणून त्याच्या आधी दुसरा प्रश्न ठेवा: या उताऱ्यात देव काय करतोय? सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

थोडं वाचा, छोट्या पुस्तकांपासून

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सरळ वाचत जायचा संकल्प दर नवीन वर्षी होतो आणि बऱ्याचदा लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकाच्या सुमारास मोडतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय हवेत, आणि त्या वेगात कथानक कळतं, स्वभाव निसटतो. त्यापेक्षा मार्क (16 अध्याय), रूथ (4) आणि योना (4) घ्या. रोज अर्धा अध्याय वाचलात तरी दीड-पावणेदोन महिन्यांत तिन्ही होतात.

एक साधी वही आणि पेन हवं. मोबाइलवर वाचत असाल तर डेटा बंद करून बसा. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटली तर सोपं भाषांतर शेजारी ठेवा. वेळ पहाटेचीच हवी असं काही नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यानं रात्री वाचलं तरी चालतं.

वहीत चार ओळी

उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा शक्यतो मोठ्यानं. मग लिहा: देव काय बोलला, त्यानं काय केलं, कशानं तो रागावला किंवा कळवळला. चौथी ओळ: म्हणजे तो कसा आहे. इथे "देव प्रेम आहे" असं लिहून मोकळं होऊ नका. ते खरंच आहे, पण ते तुम्हाला वही उघडण्याआधीही माहीत होतं. आजच्या उताऱ्यातून दिसलं तेवढंच लिहा.

मार्क 1:40-41 घ्या, म्हणजे पहिल्या अध्यायातली 40 आणि 41 ही वचनं. कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो, तुझी इच्छा असली तर तू मला शुद्ध करू शकतोस. नियमशास्त्राप्रमाणे, म्हणजे मोशेमार्फत इस्राएली लोकांना मिळालेल्या नियमांप्रमाणे, अशा माणसानं वस्तीबाहेर एकटं राहायचं आणि "अशुद्ध, अशुद्ध" असं ओरडत जायचं (लेवीय 13:45-46). येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, "शुद्ध हो" हे नंतर म्हणतो. नुसत्या शब्दानं बरं करणं त्याला अशक्य नव्हतं. म्हणून चौथी ओळ अशी होईल: बरं होण्याआधीच तो जवळ घेतो. येशूबद्दलची ही ओळ देवाच्या स्वभावाच्या वहीत का, असं कुणी विचारलं तर योहान 14:9 वाचा. ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं, असं येशू तिथे स्वतःच सांगतो.

रूथ जरा अवघड, कारण त्या पुस्तकात देव एकदाही थेट बोलत नाही. दुसऱ्या अध्यायात रूथ सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला जाते. ती गरीब, विधवा, शिवाय परक्या मवाब देशातली. पण शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरीब आणि परदेशी माणसासाठी राहू द्या, असा नियम देवानं आधीच दिला होता (लेवीय 19:9-10). शेताचा मालक बवाज त्याच्याही पुढे जातो: पेंढ्यांतून थोडं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, दटावू नका. नियम देताना देवाच्या मनात काय होतं, ते बवाजाला नेमकं कळलं होतं. जिथे आपला संकल्प मोडतो त्या लेवीयमध्ये देवाचा स्वभाव असा दडलेला आहे, म्हणून ते पुस्तक कायमचं टाळू नका, फक्त नंतर वाचा.

एक धागा धरून मागे-पुढे जा

आठवड्यातून एक दिवस नवीन काही वाचू नका. समासातले किंवा तळटीपेतले संदर्भ उघडत बसा. सुरुवातीला निर्गम 34:6-7 घ्या. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केल्याचं प्रकरण नुकतंच घडून गेलेलं आहे, आणि तिथे देव स्वतःची ओळख स्वतःच सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा), तरीही दोषाकडे डोळेझाक न करणारा. तेच शब्द पुढे गणना 14:18, नहेम्या 9:17, स्तोत्र 86, 103 आणि 145, योएल 2:13 इथे पुन्हा भेटतात. गणना 14 मध्ये लोकांसाठी रदबदली करताना मोशे या शब्दांचाच आधार घेतो.

योना 4:2 मध्ये तर या शब्दांचीच तक्रार झालेली आहे! देवानं योनाला निनवे नगराला इशारा द्यायला पाठवलं, तर तो उलट दिशेला पळाला; पुढे देवानं त्या नगराला क्षमा केली. तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो, असं योना चिडून देवाला म्हणतो. त्याच निनवे नगराबद्दल नहूम 1:3 मध्ये मात्र परमेश्वर मंदक्रोध आहे, पण दोषीला सोडणार नाही, असं येतं. योना आणि नहूम एका बैठकीत वाचा. दया आणि न्याय यांतलं आपल्या सोयीचं एकच उचलण्याची खोड त्यामुळे बरीचशी जाते.

बोलतंय कोण, ते आधी पाहा

ही पायरी लोक हमखास गाळतात. "तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल" या अर्थाचं ईयोब 8:7 नवीन वर्षाच्या शुभेच्छांत आणि दुकानांच्या भिंतींवर दिसतं. ते बोलतो बिल्दद, संकटात सापडलेल्या ईयोबाला समजवायला आलेल्या मित्रांपैकी एक. आणि ईयोब 42:7 मध्ये देव ईयोबाच्या या मित्रांना सुनावतो, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य देवाच्या तोंडचं नसतं. मत्तय 4:6 मध्ये सैतानही स्तोत्रातली वचनं म्हणून दाखवतो. म्हणून वचन फॉरवर्ड करण्याआधी निदान तो अध्याय पूर्ण वाचावा.

अडलं तर

काही उतारे पटत नाहीत. 2 शमुवेल 6 मध्ये बैल अडखळतात, उज्जा गाडीवरचा कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) सावरायला हात लावतो आणि जागीच मरतो. अशा वेळी घाईनं गोड अर्थ काढू नका. वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून प्रश्न लिहून ठेवा. तो कोश आणवणाऱ्या दावीद राजालासुद्धा त्या दिवशी राग आला आणि भीती वाटली, हे त्याच अध्यायात लिहिलंय. प्रश्न पाळकांना किंवा फादरांना विचारा, बायबल अभ्यासाच्या गटात मांडा. काहींची उत्तरं पुढच्या वाचनातच सापडतात, काही प्रश्न तसेच राहतात.

खाडा झाला तर राहिलेले अध्याय एका बसणीत उरकू नका, जिथे थांबलात तिथूनच पुढे चला. शेवटी चौथ्या ओळीचीच प्रार्थना करा: "प्रभू, बरं होण्याआधीच तू जवळ घेतोस, मलाही तसंच घे." घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असेल तर ही ओळ तिथे वाचून दाखवा आणि लहान मुलांना विचारा, त्यांना या गोष्टीत देव कसा दिसला. त्यांची उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका.

तिन्ही पुस्तकं झाली की लूक घ्या, आणि त्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र.